टेकडी टोकदार आहे म्हणून काय झालं!

पुण्याहून भिगवणच्या फ्लेमिंगोंकडे निघालेल्या गाडीत यवतजवळ भुलेश्वरचे डोंगर दिसू लागले, की कुणीतरी हमखास म्हणतं, "हा बघा, थंड झालेला ज्वालामुखी." पुरावा काय, तर आकार!

डोक्यात असतो तो शंकू सिंडर कोनचा. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ला पारिकुतिन चक्क मक्याच्या शेतात उगवला आणि १९५२पर्यंत ४२४ मीटर वाढला. मुखातून उडालेले सच्छिद्र दगड भोवती पडून त्याचा ढीग झाला. साहजिकच अशा ढिगाचे थर मुखापासून बाहेरच्या बाजूला उतरते असतात. आता आपल्याकडे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे गाडी थांबवा आणि पाहा. थर जवळपास आडवे! या टेकडीवरचा थर पलीकडच्या टेकडीवरही साधारण त्याच उंचीला सापडतो, कारण मुळात तो एकच होता. मधला भाग ओढ्या-नाल्यांनी नेला. हे थर लाव्ह्याचेच, पण आपला लाव्हा बहुतांशी लांबलचक भेगांतून आला. त्या भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या भिंती नाशिक-पुणे पट्ट्यात आजही दिसतात. आणि सुट्या दगडांचा ढीग साडेसहा कोटी पावसाळे खाऊन शंकूच राहील, हे कुणाला पटतं तरी कसं?

मग इतिहास वाचायचा कुठून? विहीर खोदणाऱ्यांना विचारा. वर मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, खाली घट्ट काळा पाषाण, की झाला एक प्रवाह. वायूचे बुडबुडे वर चढतात, म्हणून भोकं माथ्याशी. पाषाणाखाली कधी गेरूसारखा तांबडा थर लागतो. तिथे लाव्हा थांबला होता, पृष्ठभाग कुजून माती झाली होती आणि पुढच्या प्रवाहाने ती भाजली. काही तांबड्या थरांत राखेबरोबर आलेले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक मिळतात. त्यांतल्या युरेनियम-शिशावरून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने वय काढलं. बर्कलीच्या गटाने बेसाल्टमधला आर्गॉन मोजला. दोन्ही निबंध २०१९च्या 'सायन्स' या नियतकालिकात आहेत. लाव्हा टप्प्याटप्प्याने आला की जवळपास सलग, यावर त्यांचं जुळत नाही. पण बहुतेक सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, जेमतेम १० लाख वर्षांत ओतला गेला, यावर एकमत आहे.

बाकीचे गैरसमज भराभर उरकू. काळी माती म्हणजे राख नव्हे, तो झिजलेला बेसाल्ट. लोणार ज्वालामुखीचं मुख नाही, उल्काघाताचा खड्डा आहे. आघाताच्या दाबाने काचेसारखं झालेलं खनिज तिथे सापडल्याचं १९७३मध्येच प्रसिद्ध झालं.

आणि बारामती तालुक्यातल्या मोरगावला कऱ्हा नदीच्या गाळात ज्वालामुखीची राख खरंच सापडली आहे. ती दाखवून "मग ज्वालामुखी इथलाच" म्हणणारे भेटतात. ती वाऱ्यावरून आली सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीहून. वाद आहे तो टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, ७४ हजार वर्षांपूर्वीच्या की सात-आठ लाख वर्षांपूर्वीच्या, एवढ्यापुरता.