डासाच्या अंगात कोण आलं?

सांगा पाहू, डेंग्यूचा डास उडत उडत किती लांब जात असेल? शंभर किलोमीटर? दहा? छे! पट्टेरी पायांचा हा एडीस इजिप्ती डास जन्मभरात सहसा काहीशे मीटरच फिरतो. मग दूरदेशी डेंग्यू पोचतो कसा?

विमानानं! डास नव्हे, विषाणू. तो बसतो पर्यटकाच्या रक्तात. ऑस्ट्रेलियातलं केर्न्स शहरच बघा. ग्रेट बॅरिअर रीफमधली प्रवाळं बघायला तिथं जगभरातून माणसं येतात. डेंग्यू काही तिथं कायम मुक्कामाला नसायचा. पण कुणीतरी बाहेरून विषाणू घेऊन यायचं, त्याला तिथली एडीसची मादी चावायची, मग ती इतरांना चावायची, की झाली साथ सुरू! (नर चावत नाही बरं का. अंड्यांसाठी रक्त लागतं ते मादीला.)

यावर शास्त्रज्ञांनी काय केलं असेल? 2011 साली केर्न्सजवळ चक्क आणखी डास सोडले! पण या डासांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जिवाणू होता. केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांमध्ये तो सापडतो, एडीसमध्ये मात्र मुळात नसतो. म्हणून अतिबारीक सुईनं तो डासाच्या अंड्यात घातला. अंडं केवढं? एक मिलिमीटरहूनही लहान!

वोल्बाकिया अंगात असला की डेंग्यूच्या विषाणूला डासात नीट वाढताच येत नाही. शिवाय वोल्बाकिया आईकडून पिल्लांना मिळतो. वोल्बाकियावाला नर आणि साधी मादी अशी जोडी जमली, तर अंडी फुटतच नाहीत. वोल्बाकियावाल्या मादीची मात्र फुटतात. त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या असेच डास वाढत जातात.

बोरोबुदूरचा स्तूप बघायला पर्यटक ज्या शहरात उतरतात, त्या इंडोनेशियातल्या योग्याकार्तामध्येही हा प्रयोग झाला. असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी कमी आढळले.

आपल्या गल्लीतले डास मात्र अजून साधेच आहेत! एडीस दिवसा चावतो, म्हणून सहलीला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा घरी कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेलं सगळं पाणी ओतून टाका. पिंप, कूलर नुसते रिकामे करू नका, घासून काढा. कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात!