भुलेआधीचा एक तास

शस्त्रक्रियेआधी मॉर्फिन टोचल्यावर कुत्र्याने उलटी केली, तर अनेकदा ते गृहीतच धरले जाते. ‘पोट रिकामे झाले, बरेच झाले’ असा युक्तिवादही होतो. तो फारसा टिकत नाही. नियोजित शस्त्रक्रियेसाठी आलेला कुत्रा आधीच उपाशी असतो आणि उलटीने पोट पूर्ण रिकामे होईलच, याची खात्री नसते. उलट पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या, औषधाने गुंगलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसात उलटी जाण्याची भीती असते. बुबुळावर खोल जखम असेल तर उबळीसरशी डोळ्यातला दाब वाढून ती फुटू शकते.

मेंदूच्या तळाशी रक्तातली विषे हेरणारा एक भाग आहे. मेंदूला रक्तापासून जपणारा पडदा तिथे विरळ असल्याने मॉर्फिन आणि हायड्रोमॉर्फोन त्याला सहज गाठतात आणि तो उलटीची सूचना देतो. खुद्द उलटीचे केंद्र मात्र पडद्याच्या आत आहे. तिथे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या गटातले औषध, पोहोचले, तर उलटी दबते. म्हणूनच मेदात चटकन विरघळून मेंदूत लवकर शिरणाऱ्या फेंटानिल, मेथाडोनने कुत्री क्वचितच ओकतात. 

मग मॉर्फिन टाळावे का? वेदनाशमनाचा बळी देऊन नव्हे. ब्युटॉर्फेनॉलने उलटी होत नाही, पण मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेदनेपुढे ते तोकडे पडते. मेथाडोन चांगले, पण ते सगळीकडे हाताशी नसते. मॅरोपिटंट हे औषध उलटीच्या केंद्रातला ‘सबस्टन्स पी’ या रेणूचा संदेशच अडवते. मात्र ओपिऑइडसोबत एकाच वेळी टोचले, तर त्याचा अंमल सुरू होईपर्यंत उलटी होऊन गेलेली असू शकते. त्वचेखाली साधारण पाऊण ते एक तास आधी दिले तर उलटी बहुतेक थांबते. मळमळ, म्हणजे लाळ गळणे आणि ओठ चाटणे, हटायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि ती पूर्ण जाईलच असे नाही. जुने, स्वस्त एसीप्रोमॅझिनही ओपिऑइडच्या पंधरा मिनिटे आधी दिले तर उलट्या कमी होतात. त्यामुळे ‘मॅरोपिटंट महाग पडते’ ही सबब अर्धीच खरी आहे. गर्दीच्या दवाखान्यात तासभर आधी मॅरोपिटंटचे इंजेक्शन देणे जिकिरीचे, हे मान्य. पण कुत्रा दाखल होताच, कागदपत्रे आणि तपासण्यांआधी ते देता येते. भुलेत पोटातले आम्ल अन्ननलिकेत चढणे मात्र मॅरोपिटंटने थांबत नाही, तेव्हा श्वासनलिकेत नळी घालण्याची काळजी तशीच घ्यावी लागते.