लिंक कोणाकडे आहे, बघितलं का?

५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या निघाल्या आणि पांढुर्णा जिल्हा झाला. जुन्या कागदांवर मात्र छिंदवाडाच लिहिलेलं आहे, आणि ते खसरे, बी-१, दाखले, मार्कशीट अजूनही लागतात. मुलगा नागपुरात, आईवडील सौंसरला, असं घर असलं की सगळं स्कॅन करून गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवणं सोयीचं पडतं. घोळ होतो तो एमपी ऑनलाइनच्या दुकानात. फॉर्म भरायचा असतो, मागे रांग असते; घाईत 'लिंक असलेले कोणीही' हा पर्याय निवडून लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली जाते. फॉर्म भरून होतो, लिंक तशीच चालू राहते.

ती पुढे कोणाकडे गेली, तर ड्राइव्ह त्याला नावगाव विचारत नाही. फोल्डरच दिलं असेल, तर उद्या त्यात टाकाल तो कागदही त्याला दिसतो. आधार, समग्र आयडी, पासबुक एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते. दुकानात लागेल तेवढीच फाइल द्यावी, फोल्डर कधीच देऊ नये.

१३ सप्टेंबर २०२१पासून गूगलने ड्राइव्हमधल्या काही जुन्या फाइलींच्या लिंकमध्ये एक जादा सांकेतिक भाग जोडला. ज्यांनी फाइल आधी उघडली होती त्यांचं काही अडलं नाही. जुनी लिंक घेऊन पहिल्यांदाच येणाऱ्याला परवानगी मागावी लागू लागली. पण आपण होऊन वाटलेली नवी लिंक कंपनी थोडीच अडवणार? ते आपल्यालाच करावं लागतं. फाइलवर 'शेअर' दाबा, 'प्रतिबंधित' निवडा आणि हव्या त्या माणसाचा ईमेल पत्ता टाका. त्याला फक्त बघू द्या. संपादनाचा हक्क दिलात, तर तो सहसा आणखी कोणालाही आत घेऊ शकतो. कोणी आधीच उतरवून घेतलेली प्रत मात्र परत येत नाही.

आणखी एक गोष्ट घरात बोलून ठेवा. फाइल ज्याच्या खात्यात, मालकी त्याची. दोन वर्षं वापरात नसलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३पासून काढून टाकू शकते. कागद बाबांच्या खात्यात असतील आणि ते खातं कोणी उघडतच नसेल, तर मुलाने आपल्या खात्यात त्यांची प्रत करून घ्यावी.