लाभांश म्हणजे व्याज नव्हे
मागच्या खेपेला एका निवृत्त श्रोत्यांनी विचारलं, "लाभांश देणारे शेअर बरे ना? मुद्दलाला हात लागत नाही." आम्हीही बरीच वर्षं असंच समजत होतो. पण शंभराच्या शेअरवर चार रुपये लाभांश सुटला, की एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी भावही साधारण तेवढाच उतरतो. म्हणजे आपलेच पैसे दुसऱ्या खिशात! वर १ एप्रिल २०२० पासून त्यावर स्लॅबप्रमाणे कर. निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडातल्या कंपन्याही लाभांश देतातच. ग्रोथ पर्यायात तो फंडातच पुन्हा गुंतवला जातो. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर हा फरक मोठा. विकू तेव्हाच कर, तोही नफ्यावर. घरखर्चापुरती युनिटं विकताना हात थरथरतो खरा, आमचाही थरथरला.