दिवस भरले, कळा नाहीत
तारीख उलटली की घरात घाई सुरू होते. अम्मी खजूर पुढे करतात, शेजारची एखादी जुनी सुईण एरंडेल सुचवते. भगिनींनो, दोन्ही सारखे नाहीत. प्रसूतिवेदनांच्या वेळी हजरत मरयम (अ.) यांना ताजे खजूर मिळाल्याचा उल्लेख सूरह मरयममध्ये आहे. जॉर्डनमधील 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या स्त्रियांना कळांसाठी औषधे कमी लागली. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एरंडेलाने जुलाब होऊन अशक्तपणा येतो. ते मनाने घेऊ नका. बाळाची हालचाल मंदावली, रक्त गेले किंवा पाणमोट फुटली, तर घरगुती उपाय सोडा. लगेच दवाखाना गाठा.