बीपी नॉर्मल आहे, म्हणजे सगळं ठीक?

वॉर्डात रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ असते ती नर्स. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, पुढच्या खाटेकडे जातात. तरीही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला दिसतो: आजारात शरीराच्या आत काय आणि का बिघडतं हे सांगणारं शास्त्र, म्हणजे पॅथोफिजिऑलॉजी, डॉक्टरांचं, आपल्याला ते परीक्षेपुरतं आलं की झालं. आपलं काम आकडे नोंदवायचं आणि काही वावगं दिसलं की कळवायचं. पण वावगं कशाला म्हणायचं, हे ठरवायलाच तर ते शास्त्र लागतं.

सर्वांत घातक गैरसमज बीपीचा. बीपी नॉर्मल असेल तर रुग्णाला शॉक नाही, असं अनेकांना वाटतं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात हा समज जिवावर बेततो. गरोदरपणात स्त्रीच्या शरीरातलं रक्त सुमारे 40 ते 45 टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे निरोगी बाळंतीण एक लिटरच्या वर रक्त गेलं तरी वरवर ठीक दिसू शकते. आत मात्र धावपळ चालू असते. हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेच्या आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आकसतात, उरलेलं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळतं. म्हणून नाडी चढते, हातपाय गार पडतात, लघवी घटते, खालचं बीपी थोडं वर सरकतं. वरचं बीपी मात्र जागच्या जागी असतं. साधारण 30 टक्के रक्त गेल्यावर ही तजवीज कोलमडते आणि मग बीपी झपाट्यानं उतरतं. ते उतरण्याची वाट पाहणं म्हणजे उपचाराचा सर्वांत मोलाचा वेळ घालवणं.

रक्त किती गेलं हे अनुभवी नजरेला कळतं, हीसुद्धा समजूतच. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागानं झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नजरेनं केलेला अंदाज मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या मोजणीपेक्षा 33 टक्के कमी भरला. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत अशीच पिशवी वापरून रक्त मोजलं आणि ठरलेले उपचार एकदमच सुरू केले. 2023 मध्ये निष्कर्ष आले: गंभीर परिणामांचं प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. पिशवी अगदी साधी, आणि ती वापरणाऱ्यांत सुईणी आणि नर्सेस मोठ्या संख्येनं होत्या.

दुसरा घोळ ऑक्सिजनचा. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या रुग्णाला ऑक्सिजन दिला तर त्याचा श्वासच थांबतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. परिणामी धाप लागलेल्या, ओठ निळे पडलेल्या माणसालाही मास्क लावायला विद्यार्थी कचरतात. त्यात अर्धंच सत्य आहे. भरमसाठ ऑक्सिजननं या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, हे खरं. त्याचं मुख्य कारण मात्र वेगळं. फुप्फुसाच्या निकामी भागाकडे जाणारं रक्त शरीरानं अडवून धरलेलं असतं. जास्त ऑक्सिजन मिळताच तो अडसर सुटतो आणि हवा न पोहोचणाऱ्या भागातून रक्त फुकट फिरून येतं. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. म्हणून ऑक्सिजन द्यायचाच, पण पल्स ऑक्सिमीटरवर 88 ते 92 टक्के राहील एवढा. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात रुग्णवाहिकेतच हे करून पाहिलं. 2010 च्या त्या अहवालात मापून ऑक्सिजन दिलेल्या गटात 4 टक्के रुग्ण दगावले, मोकळ्या हातानं दिलेल्या गटात 9 टक्के.

पोटॅशियमचं कोडं याहून अवघड आहे. मधुमेहाच्या कीटोअॅसिडोसिसमध्ये रुग्णाचा रिपोर्ट पोटॅशियम 5.5 किंवा 6 दाखवतो, आणि विद्यार्थी ते जास्त आहे असं लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात शरीराचं जवळपास 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. इन्सुलिन नसल्यामुळे ते बाहेर रक्तात येतं आणि तिथून लघवीवाटे वाहून जातं. रक्तात भरपूर दिसत असताना शरीरात दर किलो वजनामागे 3 ते 5 मिलीमोलचा तुटवडा असतो. इन्सुलिन सुरू झालं की उरलंसुरलं पोटॅशियम पुन्हा पेशींत शिरतं, रक्तातली पातळी घसरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. दर दोन-चार तासांनी रक्त पाठवायची ऑर्डर का असते, हे ज्या नर्सला ठाऊक आहे ती तो नमुना कामाच्या गर्दीतही मागे पडू देत नाही.

उन्हाळ्यात विदर्भातल्या रुग्णालयांत आणखी एक चूक घडण्याची भीती असते: उष्माघाताच्या रुग्णाला पॅरासिटामॉल देऊन ताप उतरायची वाट पाहणं. संसर्गाच्या तापात मेंदूनंच तापमानाची पातळी वर नेलेली असते, पॅरासिटामॉल ती खाली आणतं. उष्माघातात ती पातळी बदललेलीच नसते. उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणा हरलेली असते. तिथे गोळीचा उपयोग नाही. थंड पाणी, पंखा, बर्फ, आणि तेही लगेच.

हे सगळं पाठांतरानं येत नाही. म्हणून शिकवणाऱ्यांना विनंती अशी, की तोंडी परीक्षेत शॉकचे प्रकार विचारून थांबू नका. बाळंतिणीची नाडी 124, बीपी 110/86, तासाभराची लघवी 20 मिली, आता काय करशील आणि का, असं विचारा.