रोजा, धाव आणि दम

रमजानचा चंद्र दिसला की मैदानावर धावणाऱ्यांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : आता महिनाभर सराव बंद ठेवायचा का? पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारा मुलगा असो, ८०० मीटरसाठी पहाटे उठणारी मुलगी असो, किंवा जानेवारीत मुंबई मॅरेथॉन कशीबशी पूर्ण करून पुढच्या वर्षी वेळ कमी करायचे ठरवलेला चाळिशीतला नोकरदार असो. धास्ती सगळ्यांची सारखीच. सहा महिने घाम गाळून कमावलेला दम तीस रोज्यांत जाईल, आणि भरतीची तारीख काही कुणासाठी थांबणार नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिसतात. काही जण बूट कपाटात ठेवून देतात. महिनाभर इफ्तारची भजी-समोसे आणि तुटक झोप, मग ईदनंतर पहिल्या फेरीतच धाप. दुसरे काही जण जणू काही बदललेच नाही असे धावतात. तेच अंतर, तोच वेग, तीच दुपारी चारची वेळ. चौथ्या-पाचव्या रोज्याला डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्यांनी सराव सोडला, दुसऱ्यांनी विचार सोडला. लांब पल्ल्याची धाव मात्र सराव आणि विचार या दोन्हींवर चालते.

लंडनचा तो रमजान

२०१२ची लंडन ऑलिंपिक स्पर्धा २७ जुलै ते १२ ऑगस्टदरम्यान झाली आणि ती पूर्णपणे रमजानच्या महिन्यात आली होती. जगभरातून आलेल्या मुस्लीम खेळाडूंपुढे तेव्हा आपल्या मैदानावरच्या मुलांपुढे असतो तोच प्रश्न होता. मोहम्मद ऊर्फ मो फराह हा सोमाली वंशाचा ब्रिटिश धावपटू त्यांतला एक. लहानपणी दुसऱ्याच मुलाच्या नावावर बेकायदा ब्रिटनमध्ये आणला गेलेला हा मुलगा शाळेच्या मैदानावर धावू लागला आणि देशाचा नामांकित धावपटू झाला. लंडनमध्ये त्याने ४ ऑगस्टला १० हजार मीटरचे आणि ११ ऑगस्टला ५ हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकले. स्पर्धेच्या काळातले रोजे त्याने पुढे ढकलले आणि नंतर पूर्ण करायचे ठरवले होते.

खेळासाठी रोजा पुढे ढकलावा का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. आजारी माणसाला आणि प्रवाशाला मात्र कुरआनने स्पष्ट सवलत दिलेली आहे. सुटलेले रोजे नंतर ठेवायचे, त्याला कजा म्हणतात. भरतीची चाचणी रमजानमध्येच आली, तर काय करायचे हे मैदानावर शिट्टी वाजल्यावर ठरवू नये. आपल्या आलिमांना आणि डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. मन दोन्हीकडे ओढलेले असले की पाय जड होतात.

फराहच्या कारकिर्दीतला त्याआधीचा भाग अधिक शिकवणारा आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो ५ हजार मीटरची अंतिम फेरीसुद्धा गाठू शकला नव्हता. २०११मध्ये दक्षिण कोरियातल्या देगू येथे जागतिक स्पर्धेत १० हजार मीटरच्या शेवटच्या फेरीत तो आघाडीवर होता. इथिओपियाच्या इब्राहिम जेलानने अखेरच्या काही मीटरांत त्याला गाठले आणि सुवर्ण पाव सेकंदाने हुकले. वेगाची कमतरता नव्हती. तो कधी आणि किती खर्च करायचा, हे शिकायचे राहिले होते. वर्षभराने लंडनमध्ये त्याने दोन्ही शर्यतींत शेवटची ४०० मीटरची फेरी सुमारे ५३ सेकंदांत काढली. शेवटपर्यंत राखून ठेवलेले होते, म्हणूनच ते काढता आले.

हळू धावून वेग कसा वाढतो?

नवख्या धावपटूला न पटणारी गोष्ट ही की, वेग वाढवायचा तर बहुतेक दिवस हळू धावावे लागते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचे. त्यांनी स्वतःवर प्रयोग करून सरावाची एक पद्धत बसवली : आधी कित्येक आठवडे लांब आणि झेपेल अशा वेगाची धाव, त्यानंतर चढ, आणि अगदी शेवटी वेगाचा सराव. त्यांचे शिष्य रविवारी शहराबाहेरच्या डोंगराळ रस्त्यावर सुमारे ३५ किलोमीटर धावत. पीटर स्नेल तर ८०० मीटरचा धावपटू, पण तोही या लांब धावेतून सुटला नाही. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५ हजार मीटरचे सुवर्ण जिंकले, तेव्हा जगाला या पद्धतीची दखल घ्यावी लागली.

यामागचे कारण शरीरात आहे. सावकाश, बराच वेळ धावले की हृदय एका ठोक्याला अधिक रक्त फेकायला शिकते. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. स्नायू चरबीचा इंधन म्हणून अधिक चांगला वापर करू लागतात आणि साखरेचा मर्यादित साठा जपला जातो. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय अचानक शिशासारखे होतात, ते बहुधा हा साठा संपत आल्यामुळे. मुंबईत पेडर रोडचा चढ नेमका उत्तरार्धात येतो, म्हणून तो सगळ्यांच्या लक्षात राहतो.

हळू म्हणजे किती हळू? याला घड्याळ लागत नाही. धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. एकेका शब्दावर धाप लागत असेल, तर वेग जास्त आहे. बहुतेक हौशी धावपटूंची चूक इथेच होते. सोप्या दिवशी ते जोरात धावतात, त्यामुळे जोराच्या दिवशी अंगात जोर उरत नाही. सगळे दिवस मधल्याच वेगाचे होतात आणि वेळ आहे तिथेच अडकते.

रोज्याच्या महिन्याचे वेळापत्रक

हे समजले की रमजान अडथळा वाटेनासा होतो. मन मारून हळू धावायला शिकण्यासाठी याहून चांगला महिना नाही. या महिन्यात दम वाढवण्याची घाई करू नये. आहे तो टिकवायचा. एकूण अंतर कमी केले, पण आठवड्यातून एकदा थोडा वेगाचा सराव चालू ठेवला, तर कमावलेले फारसे जात नाही.

निरोगी आणि आधीपासून सराव असलेल्या तरुणासाठी आठवड्यातले चार दिवस पुरे. दोन दिवस इफ्तारच्या आधी तीस-चाळीस मिनिटांची गप्पांच्या वेगाची धाव. अजानच्या दहा मिनिटे आधी ती संपावी, म्हणजे पाणी लगेच मिळते. एक दिवस इफ्तारनंतर साधारण दोन तासांनी वेगाचा सराव : चांगले अंग गरम करून ४०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती. एक दिवस तरावीहच्या नमाजनंतर किंवा सहरीच्या आधी थोडी लांब धाव, सोबत पाण्याची बाटली. उरलेले तीन दिवस विश्रांती. तरावीहमध्ये तासभर उभे राहणेही पायांना कळते, ते हिशेबात धरावे. हिजरी वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान ऋतूंमधून फिरत राहतो. तो उन्हाळ्यात आला, तर विदर्भ-मराठवाड्यात दुपारच्या धावेचे नावही काढू नये.

खाण्याचा नियम साधा आहे. रोजा सोडताना पाणी आणि दोन-तीन खजूर. धावायचे असेल त्या दिवशी तळलेले नंतर. सहरीला भाकरी, उसळ, अंडे, दही, केळे असे पोटात टिकणारे अन्न. सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घटाघटा प्यायलेले दोन लिटर पाणी उपयोगाचे नाही. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे प्यावे. लघवीचा रंग गडद असेल, तर त्या दिवशी धाव रद्द. रात्रीची झोप तुटते, ती दुपारच्या डुलकीने भरून काढावी. दुपारी थोडे पडण्याला, कैलुल्याला, सुन्नतचाच आधार आहे. शरीर मजबूत होते ते विश्रांतीत. धाव फक्त त्याला कारण देते. फराहला हा धडा उमेदीच्या काळात एका घरात सोबत राहणाऱ्या केनियन धावपटूंकडून मिळाला होता. ते धावायचे, जेवायचे आणि झोपायचे. चौथे काम नसायचे.

धावताना चक्कर, थंडी वाजणे, घाम अचानक थांबणे, छातीत दुखणे किंवा बोलताना गोंधळ होऊ लागला, तर तिथेच थांबावे, सावलीत जावे आणि गरज पडली तर रोजा सोडून पाणी प्यावे, डॉक्टरांना दाखवावे. जीव धोक्यात घालून रोजा रेटावा असे दीन सांगत नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव करूच नये.

तिसरी फेरी

बाकीची अर्धी शर्यत मनात होते. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. सहा मिनिटांत पूर्ण करायचे, तर प्रत्येक फेरीला ९० सेकंद. भरतीच्या मैदानावर अनेक मुले पहिली फेरी ७५ सेकंदांत मारतात, टाळ्या घेतात, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत शंभरावर जातात. पहिल्या फेरीत कमावलेले पंधरा सेकंद असे व्याजासह परत जातात.

मोठमोठे धावपटूही यातून सुटलेले नाहीत. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा जिम पीटर्स मॅरेथॉनच्या सुरुवातीलाच सुसाट निघाला. ५ हजार आणि १० हजार मीटर जिंकून आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावणारा चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक त्याच्या जोडीला येऊन वेगाबद्दल विचारू लागला, तेव्हा पीटर्सने वेग कमीच असल्याचे सांगितले, असा किस्सा धावपटू आजही सांगतात. पीटर्सला शर्यत अर्धवट सोडावी लागली. झाटोपेकने तिसरे सुवर्ण जिंकले.

संकट आल्यावर घाबरून वेग वाढवणे ही दुसरी चूक. २०१६मध्ये रिओ ऑलिंपिकच्या १० हजार मीटरच्या शर्यतीत पाय अडकून फराह पडला. पंधरा फेऱ्या शिल्लक होत्या. तो उठला, एका दमात पुढे धावून जाण्याच्या फंदात पडला नाही, हळूहळू घोळक्यात परतला आणि शेवटी जिंकला.

रोजेदाराला ही शिकवण नवी नाही. दुपारी तीन-चारच्या सुमारास भूक अशी उसळते की संध्याकाळ होणारच नाही असे वाटते. अर्ध्या तासाने ती लाट ओसरते, पोटात अन्नाचा कण न जाता. तिसऱ्या फेरीतली दमछाक काहीशी अशीच असते. आता पुढे जमणार नाही, असे मन सांगत असते, आणि आणखी शंभर मीटर गेल्यावर पाय अजून चालतच असल्याचे लक्षात येते. जिने भुकेची लाट ओसरताना तीस दिवस पाहिली आहे, तिला थकव्याच्या प्रत्येक बोलण्यावर विश्वास ठेवायची गरज राहत नाही. दुखापत मात्र वेगळी. एकाच जागी टोचणारी, पावलागणिक वाढणारी कळ ही थांबण्याची सूचना असते आणि ती ऐकावीच लागते.

रोजा अर्थातच इबादत आहे, तंदुरुस्तीचा उपाय म्हणून तो ठेवला जात नाही. तरी अरबीत ‘सौम’ या शब्दाच्या मुळाशी थांबणे, स्वतःला रोखणे हाच अर्थ आहे. ‘सब्र’चीच आपल्याकडे सबुरी झाली आणि ती घराघरांत बोलली जाते. ‘दम’ या शब्दाचे तर दोन घरांशी नाते आहे. फारसीत दम म्हणजे श्वास, संस्कृतात दम म्हणजे इंद्रियांवरचा ताबा. मराठीत दोन्ही एकत्र नांदतात. म्हणून दम लागतो तो छातीत आणि दम धरतो तो मनाने. गावातली म्हातारी माणसे धावत सुटलेल्या पोराला ‘दमाने घे’ म्हणतात, तेव्हा लिडियार्डचीच पद्धत सांगत असतात.

ईदनंतरचा पहिला आठवडा हीच त्याची परीक्षा. महिनाभराची कसर एका दिवसात भरून काढायच्या मोहात पोटऱ्या आणि गुडघे दुखावून घेणारे दरवर्षी भेटतात. शिरखुर्मा खावा, दोन दिवस नातेवाइकांकडे जावे, मग रमजानमध्ये होते तेवढ्याच अंतरापासून सुरुवात करावी आणि आठवड्याला थोडे थोडे वाढवत न्यावे. तीन-चार आठवड्यांत जुनी वेळ परत येते. सोपे दिवस खरोखर सोपे ठेवायची सवय तोवर टिकली असेल, तर पुढे ती वेळही मागे पडते.